बारा बुधवारांचा चहा

एकदा एक विद्यार्थिनी पदवीच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचली आणि तिथेच एका सहीसाठी अडून राहिली. दृष्टांतातल्या माणसांना नावे नसावीत असा संकेत आहे. पण पदवीचा अर्ज नावावाचून कोणी स्वीकारत नाही, म्हणून सांगून टाकतो, तिचे नाव शाल्मली.

नदीकाठच्या एका जिल्ह्याच्या गावी गृहविज्ञानाचे महाविद्यालय होते. तिथे बालविकास आणि कुटुंब-अभ्यास या विषयाची पदवी मिळत असे. ती मिळण्यासाठी काय काय करावे लागते, याचे छापील पत्रक कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर डकवलेले असे. इतके श्रेयांक, इतके पेपर, महाविद्यालयाच्याच बालवाडीत साठ तासांचे निरीक्षण, खेळणी तयार करण्याचे एक प्रात्यक्षिक. आणि सर्वांत शेवटी, पत्रकाच्या तळाशी, एक अट होती: विद्यार्थिनीने एका कुटुंबाला बारा भेटी द्याव्यात, प्रत्येक भेट एक तासाची असावी, त्या घरातल्या सहा वर्षांखालील एका मुलाचे निरीक्षण नोंदवहीत लिहावे आणि वहीवर मार्गदर्शकाची सही घ्यावी. मुली या अटीला बारा फेऱ्या म्हणत. प्रेताभोवतीसुद्धा तीनच घालतात, असे एक आगाऊ मुलगी म्हणाली होती आणि तिला त्याबद्दल बोलणी खावी लागली होती.

नोंदवहीचे शेवटचे पान शिफारशीचे असे. त्याची एक प्रत त्या वस्तीतल्या बालवाडीत जाई आणि त्या मुलाच्या कागदांमध्ये लावली जाई. पुढे त्या मुलाकडे कोणत्या नजरेने पाहायचे, ते त्या पानावरून ठरे. महाविद्यालयाचा गोल शिक्का असलेल्या कागदावर शंका कोण घेणार? शिक्का दिसला की वाचणारा निम्मा मजकूर न वाचताच मान डोलावतो.

शाल्मलीची नोंदवही मे महिन्यातल्या एका गुरुवारी पूर्ण झाली. शनिवारी दुपारी बारापर्यंत ती सहीसह कार्यालयात द्यायची होती. दिली, की पदवी. पदवी मिळाली, की एका संस्थेत बालवाडी पर्यवेक्षिकेचे पद, जे तिला पत्राने कबूल झालेले होते आणि जूनपासून सुरू व्हायचे होते. नाही दिली, तर पुढची तारीख डिसेंबरात. पण न देण्याचा प्रश्न येतोच कुठे? तीन वर्षे वर्गात पहिली आलेली मुलगी ती. अक्षर मोत्यासारखे, समास आखलेले, वहीला तपकिरी कव्हर आणि त्यावर पांढरी चिठ्ठी.

सही करायची होती बाईंनी. महाविद्यालयात बाकी सगळ्या मॅडम होत्या. बाई या एकट्याच. त्या विभागप्रमुख म्हणून सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या, तरी कुटुंब-अभ्यासाच्या वह्या तपासायला त्यांनाच बोलावत, कारण त्या वह्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचण्याची चिकाटी दुसऱ्या कोणापाशी उरलेली नव्हती. बाई शिस्तीच्या खऱ्या, पण रागीट नव्हत्या. त्यांचा एकच कटाक्ष प्रसिद्ध होता. कोणाचा पाय चुकून पुस्तकाला लागला, तर त्या मुलीला थांबवून वाकायला लावीत. एकदा एका मुलीचा पाय जुन्या वेळापत्रकाला लागला, तेव्हाही त्यांनी तिला नमस्कार करायला लावला होता. विद्या कोणत्या कागदावर बसलेली असेल ते आपल्याला काय ठाऊक, असे त्या म्हणत.

बाईंनी शाल्मलीसमोरच वही वाचायला घेतली. तिसरी भेट: 'मुलगी, वय चार वर्षे, उंबऱ्यावर एकटी बसलेली. आई-मूल संवाद नाही.' पाचवी भेट: 'मुलगी उंबऱ्यावर. हातांची घडी. आई स्वयंपाकघरात.' नववी भेट: 'वरीलप्रमाणे.' शेवटच्या पानावर निष्कर्ष होता: 'मुलीकडे कुटुंबाचे दुर्लक्ष आहे. घरात खेळणी नाहीत, त्यामुळे रंग व संख्या यांचा अनुभव नाही. संध्याकाळच्या आहारात दुधाचा अभाव. आईला मुलीशी संवाद साधण्याचे प्रशिक्षण देणे आवश्यक.'

"छान लिहिलंयस," बाई म्हणाल्या. "एक सांग. त्यांच्याकडे चहा कसा असतो?"

शाल्मलीला हसू आले. "चांगला असतो, बाई. घट्ट, आलं घातलेला. मी नको म्हटलं तर त्यांना वाईट वाटतं. मी नोंदही केली आहे, कुटुंबाची वृत्ती या रकान्यात. आतिथ्यशील."

"प्रत्येक वेळी?"

"बाराही वेळा."

बाईंनी पेनाचे टोपण काढले होते, ते पुन्हा लावले. "आज चार वाजता माझ्याबरोबर चल. त्या घरी."

"पण बाई, माझ्या बारा भेटी पूर्ण झाल्या आहेत!"

"तुझ्या झाल्या ना. ही माझी. वही बरोबर घे."

शाल्मलीला हे आवडले नाही. तेरावी भेट पत्रकात नव्हती. पण सही ज्याच्या हाती, त्याच्यामागे चालावे लागते, एवढे ज्ञान महाविद्यालयात पहिल्याच वर्षी मिळते.

ते घर भाजी मंडईच्या मागच्या अंगाला होते. दोन खोल्या, मध्ये पडदा. घरात चार माणसे. बाप एका गॅरेजमध्ये कामाला, आजी देवळाच्या पायऱ्यांवर हार विकायला बसे, आई रेश्मा घरी राही, आणि चार वर्षांची मयुरी, जिला सगळे मयू म्हणत. शाल्मली दर बुधवारी चार वाजता येई, हे त्या गल्लीत सर्वांना पाठ होते. आज वार गुरुवार होता.

दारात दोघींना पाहताच रेश्माची तारांबळ उडाली. समोर फुलांची मोठी पाटी होती, मांडीवर सूत होते, शेजारी मयू बसलेली होती. रेश्माने पाटीवर पदर टाकला, ती पायानेच पडद्याआड सरकवली आणि उभी राहिली. "अगं बया! मॅडम, काल शेवटचं झालं न्हवं? आज कसं काय? बसा की, बसा. मयू, ऊठ. जा, उंबऱ्यावर जाऊन बस. गप बसायचं, मॅडम आल्यात."

मयू उठली. उंबऱ्यावर जाऊन बसली आणि तिने हातांची घडी घातली. शाल्मलीने बाईंकडे अशा नजरेने पाहिले, की पाहा, मी लिहिले ते असे. बाईंचे तिच्याकडे लक्ष नव्हते. रेश्मा चहाचे पातेले उचलायला निघाली होती, त्या तिला म्हणाल्या, "रेश्मा, चहा ठेवू नकोस. मला डॉक्टरांनी बंद केलाय आणि हिला मी बंद केलाय."

"असं कसं? पयल्यांदा आलाय तुमी."

"मी पाहुणी म्हणून आलेच नाही. ती पाटी बाहेर काढ बघू. माझी आई फुलं ओवायची. पाटी दिसली की माझे हात शिवशिवतात. किती हार द्यायचेत आज?"

रेश्मा संकोचली. "पंधरा. आरतीच्या आत सासूबाईंकडं पोचवायचं असत्यात. बुधवारी मॅडम गेल्यावं बसते मी, मग लई घाई हुती."

"मग आज आम्ही दोघी हात लावतो. तू तुझं कर. आम्ही इथं नाहीच, असं समज."

आणि मग बाईंनी भलतीच गोष्ट केली. त्यांनी शाल्मलीच्या हातातून नोंदवही घेतली, तपकिरी कव्हरासकट भिंतीजवळ जमिनीवर ठेवली आणि एखाद्या पाटावर बसावे तशा त्या वहीवर बसल्या. तोंड भिंतीकडे, पाठ रेश्माकडे आणि मयूकडे.

जुन्या वेळापत्रकाला पाय लागला म्हणून मुलींना वाकायला लावणाऱ्या बाई, बारा बुधवारांच्या विद्येवर बैठक मारून बसल्या होत्या! म्हातारपणी माणसाचे भान सुटते म्हणतात, ते हेच की काय? आणि सही? सहीचे पान आता नेमके कुठे दबले असेल?

"उभी काय राहिलीस? बस. अशी, माझ्या शेजारी. तोंड भिंतीकडे."

"बाई, निरीक्षण करायचं असेल तर..."

"सुई घे."

ती बसली. तिला अपमान वाटला, आणि तो तिने लपवलाही नाही. सुईत दोरा ओवताना तिने उगाचच दोनदा उसासा टाकला. समोर भिंत होती. भिंतीवर एका दुकानाचे कॅलेंडर होते, तेही मागच्या वर्षीचे. पाठीमागे बराच वेळ काही हालचाल नव्हती. मग उंबऱ्यावरून एक बारीक आवाज आला.

"आई, ह्या मॅडम भिंतीकडं का बघतात? त्यांला शिक्षा केली व्हय?"

रेश्माला हसू आवरेना. बाईही खुदकन हसल्या, पण त्यांनी मान वळवली नाही. "हो गं," त्या भिंतीलाच म्हणाल्या, "गृहपाठ चुकला आमचा."

शिक्षा झालेल्या माणसांची भीती कोणाला वाटत नाही. मयूच्या पावलांचा आवाज आत आला. फुले उपसल्याचा आवाज आला. आणि मग, बारा बुधवार जिने तोंड उघडले नव्हते, ती मुलगी बोलू लागली. पिवळी इकडे, भगवी तिकडे, पांढरी आपल्या मांडीवर, अशी तिची वाटणी चालली होती. मध्येच मळलेले फूल निघाले, तर ते कोणाचे, यावर मायलेकींचा वाद झाला. ते गायीचे ठरले. मग रेश्माने विचारले, "सात हार झालं. आज्जीला पंधरा पायजेत. अजून किती?" मयूने बोटे मोजली, चुकली, पुन्हा मोजली. रेश्माने उत्तर सांगितले नाही. आठ म्हटल्यावर फक्त "शाब्बास" म्हणाली.

शाल्मली ऐकत होती. तिची सुई चालत होती, पण हातांकडे तिचे लक्ष नव्हते. तेवढ्यात तिच्या खांद्यामागून एक बोट पुढे आले.

"मॅडम, चुकलं. पाच झेंडू झालं की पांढरं घालायचं. तुमी सहा घातलं."

शाल्मलीने मोजले. सहाच होते. तिने एक झेंडू काढला आणि पांढरी शेवंती ओवली. रंग व संख्या यांचा अनुभव नाही, असे जिच्याविषयी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेले होते, ती तिच्या मागे उभी राहून पुढची पाच फुले मोजत होती, आणि ते लिहिलेली वही बाईंच्या खाली होती.

अजूनही शाल्मलीने स्वतःची समजूत घातली असती. एखादे निरीक्षण चुकते. दोन ओळी बदलल्या की झाले. पण पाचच्या सुमाराला मयू आईजवळ गेली आणि तिने हळू आवाजात विचारले. मुलांचा हळू आवाज मोठ्यांच्या मोठ्या आवाजापेक्षा लांब जातो.

"आई, आज मॅडमनी च्या घेतला न्हाई. मग आज माझं दूध हाय?"

"गप गं," रेश्मा घाईने म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "हाय. ऊन करते."

शाल्मलीच्या हातातला दोरा तसाच राहिला. घट्ट, आले घातलेला चहा. बाराही वेळा. घरात दुधाची लहान पिशवी येत असे. निम्मी सकाळच्या चहाला, निम्मी संध्याकाळी मयूला. हे तिने सहाव्या भेटीत स्वतःच विचारून लिहून घेतले होते. आणि त्याच पानावर खाली लिहिले होते, की संध्याकाळी मुलीला दूध दिल्याचे आढळले नाही.

पाठीमागे मयू दूध पीत होती. एवढ्या मोठ्याने पीत होती, की ते भिंतीकडे तोंड करूनही दिसावे.

पंधरा हार झाले. बाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. त्यांनी वही उचलली, पदराने पुसली, दोन्ही हातांनी कपाळाला लावली आणि मग शाल्मलीच्या हातात दिली.

मंडई ओलांडून दोघी नदीच्या रस्त्याला लागल्या. घाटाजवळ शाल्मली थांबली. तिला रडू येत होते आणि वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीला रस्त्यात रडण्याची सवय नसते, म्हणून ते तिला नीट जमतही नव्हते.

"बाई, मी खोटं लिहिलं."

"एक अक्षर खोटं नाही," बाई म्हणाल्या. "जे दिसलं तेच लिहिलंस. पण वहीच्या पहिल्या पानावर तू लिहिलंयस, कुटुंबातील व्यक्ती चार. बुधवारी चार वाजता त्या घरात पाचवी एक असायची. तिची नोंद कुठंय? आई तिच्यासाठी चुलीपाशी जायची, फुलं तिच्यासाठी पडद्याआड जायची, पोर तिच्यासाठी गप्प बसायची. त्या घरातला पाहुण्यांचा तास तू बारा वेळा पाहिलास आणि त्याला घर म्हणालीस."

शाल्मलीने डोळे पुसले. "पण तुम्ही वहीवर का बसलात?"

बाई नदीकडे वळल्या. "तुला लागावं म्हणून. लागलं ना? कागदाला आपला पाय लागला की आपण लगेच वाकतो, कारण लहानपणापासून तसं शिकवलंय. कुणाच्या घरात शिरताना आपला पाय कशाकशाला लागतो, तिथं वाकायला कुणी शिकवत नाही. आपल्या पत्रकातही ती अट नाही. मी पंचवीस वर्षं ते पत्रक तयार करत होते, मलाही सुचली नाही."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, शाल्मली बाईंसमोर गेली. बाईंनी पेनाचे टोपण काढले. "आण वही. नियम बारा भेटींचा आहे आणि बारा झाल्या आहेत. सही मागण्याचा तुझा हक्क आहे. मी अडवणार नाही."

शाल्मलीने वही पुढे केली. बाईंनी शेवटचे पान उघडले, पेन टेकवले, आणि तेवढ्यात शाल्मलीने आपला तळहात त्या पानावर ठेवला. मागाहून ती सांगे, की तो हात तिने ठेवला नव्हता, तो ठेवला गेला. बालवाडीतल्या कागदांत हे पान लागेल, आणि पाच फुलांनंतर पांढरे घालणाऱ्या मुलीकडे उद्या कोणी तरी हे वाचून पाहील, एवढे एकच तिच्या डोळ्यांसमोर होते.

"मला पुन्हा बारा भेटी द्यायच्या आहेत, बाई."

"उद्या शनिवार आहे."

"माहीत आहे."

"दोन ओळी खोडून दुसऱ्या लिहिल्यास तरी मी सही करीन."

"माहीत आहे, बाई."

बाईंनी टोपण लावले. त्यांनी शाबासकी दिली नाही, की समजूतही घातली नाही. "ही वही फाडू नकोस," एवढेच म्हणाल्या. "दुसरी लिहिशील तिला जोड. एका घरात बारा चहा झाल्याचा तो पुरावा आहे."

घरी व्हायचे ते झाले. वडिलांनी सारी हकिकत ऐकून घेतली आणि ते ताडकन उठले. "हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, आणि ते शेपूट तू स्वतःच्या हातानं धरून ठेवलंस! एवढं मनाला लागलं असेल तर नेऊन दे ना त्यांना दोन लिटर दूध, आणि घे सही!" त्यांचे म्हणणे अगदीच अव्यवहारी नव्हते. बहुतेक माणसे असेच करतात, आणि त्यातून त्यांना झोपही चांगली लागते. शाल्मलीने मात्र संस्थेला पत्र लिहून पद नाकारले. संस्थेने आठ दिवसांत दुसरी मुलगी नेमली. पदाची वाट पाहणाऱ्या मुली जगात पुष्कळ असतात.

जूनपासून नव्या भेटी सुरू झाल्या. शाल्मलीने रेश्माला विचारले, की मी अधूनमधून आले तर चालेल का. वार ठरवायचा नाही, वही आणायची नाही. रेश्मा म्हणाली, "या की." पण या की म्हणणे सोपे असते. पहिल्या भेटीला रेश्माने पुन्हा पाटी झाकली. चहा नको म्हटल्यावर ती हिरमुसली. आपल्या घरचा चहा यांना चालेनासा झाला की काय, असे तिला वाटले. दुसऱ्या वेळी शाल्मली कोरा चहा प्यायली आणि तोंड कडू झाले तरी काही बोलली नाही. पाहुणेपण हे हळदीच्या डागासारखे असते. एका धुण्यात जात नाही. तिसऱ्या भेटीत ती सरळ पाटीशी जाऊन बसली. चौथ्या भेटीत तिचा हार उसवला आणि मयूने तो आजीला दाखवून सगळ्यांना हसवले. पुढे केव्हा तरी रेश्मा तिला मॅडम म्हणायची थांबली. ते नेमके कोणत्या भेटीत झाले, हे शाल्मलीच्या नोंदीत नाही. तिच्या लक्षातच आले नाही. ती आता रात्री घरी जाऊन आठवेल तेवढेच लिहीत असे, त्यामुळे समास वाकडे झाले होते आणि अक्षर पूर्वीसारखे राहिले नव्हते.

डिसेंबरात ती दोन वह्या घेऊन बाईंकडे गेली. बाईंनी सवयीप्रमाणे पहिल्या पानापासून वाचायला घेतले. 'कुटुंबातील व्यक्ती' या तक्त्याखाली चार नावे होती, आणि पाचव्या ओळीत लिहिलेले होते: 'निरीक्षक. भेटीच्या वेळी उपस्थित.' शिफारशीच्या पानावर मुलीविषयी एकच वाक्य होते: 'मयुरी पाच फुलांनंतर रंग बदलते आणि दुसऱ्याचा चुकला तर सांगते.' ते वाचून बाईंनी लगेच सही केली नाही. उलट त्यांनी पाने मागे उलटली आणि बारावी भेट काढली. ती चार ओळींची होती.

'भेट बारावी. सण तोंडावर असल्याने चाळीस हारांची घाई होती. मी गेले तेव्हा रेश्मा आतूनच म्हणाली, आलीस व्हय, ते सूत दे इकडं. मयू दूध प्यायली आणि तिने साय काढून माझ्या हातावर ठेवली, तिला ती आवडत नाही. आज मला कोणी चहा विचारला नाही.'

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग त्यांनी सहीची चौकट शोधली नाही. त्या शेवटच्या ओळीखालीच त्यांनी सही केली. कार्यालयातल्या कारकुनाने सही चौकटीत नाही म्हणून वही परत पाठवली, तेव्हा त्यांनी चौकटीतही एक केली, पण पहिली खोडली नाही.

कोणाच्या घरात काय उणे आहे हे लिहायला आपण बसतो, तेव्हा आपल्या हातातल्या कपात काय आहे, ते आधी पाहावे.